हार्ड डिस्कचं क्लोनिंग करताय? या चुका टाळा

नागपुरातल्या बर्डीवरून नवी एसएसडी आणली, जुनी डिस्क तिच्यावर उतरवली, सॉफ्टवेअरने शंभर टक्के दाखवलं आणि तरी कॉम्प्युटर सुरू होत नाही. असं झालं तर चूक बहुतेक वेळा क्लोनिंग सुरू होण्याआधीच झालेली असते.

आधी ठरवा, क्लोन हवा की इमेज? क्लोन म्हणजे डिस्कवरून थेट डिस्कवर घेतलेली प्रत. ती जोडली की कॉम्प्युटर तिच्यावरूनच सुरू होतो. इमेज म्हणजे अख्खी डिस्क फाइलींमध्ये बांधून ठेवणं. ती वापरायची तर आधी रिस्टोअर करावी लागते. डिस्क बदलायची असेल तर क्लोन, नेहमीचा बॅकअप हवा असेल तर इमेज. मात्र इमेज त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवू नका. डिस्क गेली की तीही गेली.

मापात फसणं. ५०० जीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, ४८० जीबीची एसएसडी ४४७. डेटा १५० जीबीच असला तरी क्लोनझिला हे क्लोनिंगचं मोफत सॉफ्टवेअर नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान डिस्कवर क्लोन करत नाही. पार्टिशन (डिस्कचा सी, डी ड्राइव्हसारखा भाग) आकसून जमवता येतं, पण थोडे पैसे जास्त देऊन ५१२ जीबीची घेतलेली बरी.

उलटी कॉपी. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवी कोरी डिस्क सोर्स (जिच्यावरून कॉपी करायची ती) म्हणून निवडली गेली तर जुन्या डिस्कवरचा टॅलीचा डेटा, लग्नाचे फोटो सगळं पुसलं जातं. क्लोनझिला डिस्कना देतं त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर कागदावर लिहा आणि स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून पाहा. बाकीच्या डिस्क, पेनड्राइव्ह काढून ठेवा. क्लोनझिला पुन्हा पुन्हा विचारतं ते याचसाठी. वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका.

आजारी डिस्क साधी समजणं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळी बघा. रॉ व्हॅल्यू शून्य नसेल तर डिस्क खराब होऊ लागली आहे. अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं टूल चालवून तिला आणखी रगडू नका. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा आणि मॅपफाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद) द्यायला विसरू नका. ते आधी नीट वाचता येणारा भाग काढून घेतं, अडलेला नंतर. मध्येच बंद पडलं तरी मॅपफाइलमुळे पुढे सुरू करता येतं. डिस्क टक-टक आवाज करत असेल तर तिथेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

बिटलॉकर विसरणं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं कुलूप) आपोआप सुरू झालेलं असतं. डिस्क बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ती आधीच छापून ठेवा. जमल्यास क्लोनिंगपुरतं एन्क्रिप्शन काढा. वेळ लागतो, पण पुढचा त्रास वाचतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला नकार देतं.

मे महिन्याची दुपार. बहुतेक हार्ड डिस्कची तापमान मर्यादा ६० अंश असते. नागपुरात बाहेर ४५ अंश असताना प्लास्टिकच्या बंद केसमधली डिस्क सलग वाचत राहिली की ती लवकर तापते. ५० च्या वर गेली तर थांबा. हे काम पहाटे करा, डिस्कवर टेबल फॅन सोडा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, पाण्याचे तुषार येतात. यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३५ एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला चार तास. यूएसबी ३ वर १०० एमबीचा वेग मिळाला तर दीड तासाच्या आत. घरगुती यूपीएस इतका वेळ तग धरत नाही. लाइट गेली तर घाबरू नका: सोर्स डिस्क फक्त वाचली जात असते. क्लोन मात्र पहिल्यापासून करावा लागेल.

दोन्ही डिस्क जोडून पहिलं बूट. क्लोनची ओळखही जुन्या डिस्कसारखीच असते, त्यामुळे विंडोज एक डिस्क ऑफलाइन करतं, किंवा जुन्यावरूनच सुरू होतं आणि तुम्हाला कळतही नाही. जुनी काढूनच सुरू करा. तरी अडलं तर पाहा: फक्त सी ड्राइव्ह घेतला आणि विंडोज सुरू करून देणारं छोटं ईएफआय पार्टिशन राहिलं का? बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर आणि डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असं आहे का? साटा डिस्कवरून एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीच्या एसएसडीवर गेल्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याचदा तेवढ्याने ड्रायव्हर लागतो.

मोठी एसएसडी घेऊनही सी ड्राइव्ह जुन्याच मापाचा दिसेल. ‘एक्स्टेंड’ दाबता येत नसेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते शेवटाकडे सरकवा.

इमेज घेतली असेल तर ती व्हेरिफाय करा आणि इमेज रिस्टोअर करायच्या रेस्क्यू पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर खरंच सुरू होतो का ते आजच पाहा. जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका.