सुट्टीतला सल्ला: ऊस बुडातून काढू नका, खोडवा ठेवा (माइनक्राफ्टवाल्या लेकरांसाठी)

सुट्ट्या लागल्या. पुण्याची, संभाजीनगरची भाचरं आता गावाकडं येणार, दुपारी बाहेर बेचाळीसचं ऊन, म्हणजे सगळे माळवदाखाली आडवे पडून फोनवर माइनक्राफ्ट या गेमच्या एकाच वर्ल्डमध्ये (गेममधल्या गावात) घुसणार आणि चार दिवसांत तिथलं शेत साफ करून ठेवणार. मागच्या मे महिन्यात हेच झालं म्हणून यंदा आधीच लिहितोय. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं एक वाचा. ऊस तोडताना खालचा एक ब्लॉक (गेममधला ठोकळा) ठेवायचा, म्हणजे त्यातूनच परत फुटतो, तोच खोडवा. ठेवायचाच.

झालं काय ते सांगतो. गेममध्ये आमच्या कालव्याच्या दोन्ही काठांना मिळून पन्नास ठोंब ऊस होता, प्रत्येक तीन ब्लॉक उंच. पुतण्याला एन्चांटिंग टेबल (हत्यारांना जादूची ताकद देणारं टेबल) पूर्ण ताकदीनं चालवायचं होतं, त्याला 15 बुकशेल्फ लागतात, 15 शेल्फला 45 पुस्तकं, 45 पुस्तकांना 135 कागद, आणि तीन उसाला तीन कागद, म्हणजे सरळ 135 ऊस. गड्यानं काय केलं, काठाकाठानं चालत गेला आणि प्रत्येक ठोंब बुडातून उडवला. वरचे दोन ब्लॉक आपोआप पडले, त्यातले काही पाण्यात पडून वाहत गेले, आणि जमिनीवर पडलेली वस्तू पाच मिनिटांत गायब होते, त्यामुळे ते गेलेच. हातात बरोबर 135 राहिले, त्याचे लगेच 135 कागद. लावायला एक कांडी शिल्लक नाही.

मी ओरडलो तर म्हणतो, "काका, तुम्हीच तर म्हणता बुडखा जमिनीलगत छाटा."

आता यावर काय बोलणार. माजलगावच्या कालव्यावरचा ऊस बघत वाढलेलं लेकरू, खऱ्या उसाचा नियम त्यानं बरोबर उचलला. खऱ्या खोडव्यात जमिनीलगतच छाटायचं असतं, कारण जमिनीखालच्या डोळ्यातून येणारा फुटवा जोमदार असतो आणि वर ठेवलेल्या बुडख्यातून येणारा लेचापेचा. पण गेममध्ये मातीखाली काहीच नसतं. मूळ म्हणा, डोळा म्हणा, सगळं त्या खालच्या एका ब्लॉकात. तो गेला की खोडवा गेला, नवी लागण करायची. म्हणून दुसऱ्या ब्लॉकवर मारा, तिसरा आपोआप पडतो, खालचा उभा राहतो आणि परत तीनपर्यंत वाढतो. तीनच्या वर तो स्वतःहून जात नाही, त्यामुळे "अजून मोठा होऊ द्या" म्हणत थांबण्यात अर्थ नाही.

पन्नास ठोंबांतून असे शंभर ऊस निघाले असते आणि उरलेले पस्तीस पुढच्या तोडणीला. थोडा दम धरायचा होता, बस.

ऊस लागणीचं:
- ज्या मातीवर किंवा वाळूवर ऊस उभा, त्या ब्लॉकच्या बाजूला पाणी चिकटून हवं, नुसतं कोपऱ्याला असून चालत नाही
- पाणी काढलं की उभा ऊस पडतो
- उजेडाची गरज नाही
- 135 एका तोडणीत पाहिजेत तर 68 ठोंब, दोन तोडण्यांत पाहिजेत तर 34

वाळूत ऊस लवकर वाढतो असं बरीच पोरं छातीठोक सांगतात. तसं काही नाही, माती वाळू सारखीच. मी तरी वाळूतच लावतो, काठाची पिवळी ओळ लांबून दिसते आणि कुठला ठोंब गेला ते पटकन कळतं.

आता झाडाचं, कारण चूक तीच आहे, नुसती जागा वेगळी. पोरं खालचे चार लाकडं तोडतात आणि पळतात, वरचं एक लाकूड हवेत लटकत राहतं. त्या एका लाकडामुळं पानं गळतच नाहीत, आणि पानं गळली नाहीत तर रोप पडत नाही. ओकच्या शंभर पानांतून सरासरी पाच रोपं पडतात, जंगल ट्रीचं तर याच्या निम्मंच. म्हणून मातीचा ढीग करून वर चढा, शेवटचं लाकूड काढा आणि खाली उतरून पानं गळेपर्यंत उभं राहा. या वेळात पाणी पिऊन या, आईनं काही आणायला सांगितलं असेल तर ते आणून द्या, पण पाच मिनिटांत परत या नाहीतर पडलेलं रोप पण गायब. मग तोडलेल्या जागी रोप लावूनच पुढचं झाड. डार्क ओक एकटं लावलं तर उगवत नाही, चार रोपं चौकोनात लागतात, म्हणजे त्याचं बेणं चौपट जपायचं.

रोपावरून आठवलं, तो दोन लामा घेऊन दारात येणारा फिरता व्यापारी. त्याच्यापासून लांब राहा. एक रोप पाच एमराल्डला (गेममधलं चलन) विकतो. गावातला शेतकरी आपल्याकडून 20 गहू घेऊन एक एमराल्ड देतो, म्हणजे एका रोपामागं शंभर गहू घातले. जे रोप झाडाखाली पाच मिनिटं उभं राहिलं तर फुकट मिळतं! युरियाच्या गोणीसोबत टॉनिकची बाटली गळ्यात मारणारे दुकानदार आपण बघितलेत, हा त्यांचाच भाऊ. मागच्या वर्षी शेवटी उसाचं बेणं याच्याकडूनच घ्यावं लागलं, एका कांडीला एक एमराल्ड, कारण आमच्याकडं एक कांडी उरली नव्हती. आणि खऱ्या पैशाचे पॅक तर आमच्या फोनवरून अजिबात घ्यायचे नाहीत, त्यानं ऊस वाढत नाही.

बोनमीलचं, म्हणजे पीक वाढवणाऱ्या हाडाच्या भुकटीचं, पण तेच. एका हाडाचे तीन होतात ते खरं, पण हाडासाठी रात्री स्केलेटनच्या (बाण मारणारा सांगाडा) मागं लागून मरायचं आणि सगळं सामान टाकून यायचं, हे परवडत नाही. कंपोस्टर (खताची पेटी) ठेवा. जास्तीचं बी, पानं, जास्तीची रोपं टाकत राहा, सात थर भरले की एक बोनमील. बी टाकल्यावर थर चढायची शक्यता 30 टक्के, ऊस 50, गहू 65. पण गहू कोणी कंपोस्टात घालतं का, बीच घाला.

गव्हाचं थोडक्यात:
- पाण्यापासून चार ब्लॉकपर्यंत जमीन भिजते, 9 बाय 9 च्या वाफ्यात मधोमध एक पाणी पुरतं
- उजेडाची पातळी 9 पाहिजे, टॉर्च 14 देतो आणि दर ब्लॉकला एक कमी होतो, म्हणजे पाच ब्लॉकपर्यंत पुरतो. मी चारच धरतो
- शेतात उड्या मारू नका, भुसभुशीत जमीन परत माती होते
- पिवळा झाल्याशिवाय काढू नका, कच्चा काढला तर नुसतं बी हातात
- एक ओळ गहू, एक ओळ गाजर. सगळीकडं एकच पीक दाटून लावलं तर वाढ मंदावते, आपलं सोयाबीन-तुरीसारखंच
- काढलं की त्याच पावलावर पेरायचं, नंतर नाही

पाण्यासाठी दोन बाय दोनचा खड्डा घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बकेट ओता, ती विहीर कधीच आटत नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं ज्यांनी बघितलं त्यांना हे बघून हसावं का रडावं कळत नाही. बर्फाच्या भागात मात्र उघडं पाणी गोठतं, वरून झाकून घ्या.

आणखी एक, झोपून उठलं की पीक वाढलेलं असेल असं समजू नका. झोपल्यानं रात्र सरते, पीक सरकत नाही. आपण शेताच्या आसपास असलो तरच वाढतं, लांब डोंगरात खाण खोदत बसलात तर इकडं ऊस आहे तेवढाच. ज्याच्या फोनवर वर्ल्ड चालू आहे त्याचा फोन बंद पडला तरी तेच, म्हणून वळवाचं आभाळ भरून आलं की आधी चार्जिंगला लावा, पहिल्या वाऱ्याला लाइट जाते आणि मग रात्री कधी येईल ते सांगता येत नाही.

जित्राबांचं:
- गाय, मेंढी गव्हावर, कोंबडी बियांवर, डुक्कर गाजर-बटाट्यावर
- पिलू मोठं व्हायला 20 मिनिटं, आई-बाप 5 मिनिटांनी परत तयार
- मेंढी मारू नका, कात्रीनं लोकर काढा, गवत खाल्लं की परत येते
- शेवटची जोडी कापायची नाही, कितीही भूक लागली तरी. हा पण खोडवाच

45 पुस्तकांना 45 चामडी पण लागतात हे पुतण्या विसरला होता. कागद तयार, गायी दोनच. त्यानं त्या पण कापल्या. मग कागद पेटीत पडून राहिले, अजून आहेत.

यंदा कालव्याच्या अलीकडच्या काठाला मी 34 ठोंब लावलेत आणि मागं एक पेटी ठेवलीय, पाटीवर लिहिलंय "बेणं, हात लावू नये". त्यात 16 कांड्या, एक थप्पी गव्हाचं बी आणि आठ रोपं. ऊस कोणीही तोडा, पण दुसऱ्या ब्लॉकपासून. पलीकडचा काठ मोकळा आहे, ज्याला स्वतःचा लावायचा त्यानं मला सांगून चार कांड्या न्याव्यात, पहिल्या तोडणीला चार परत टाकाव्यात. लामावाला आला तर त्याला वाड्याच्या आत घेऊ नका.