सोलापूरहून अंकोरला: देवळं वाचत फिरायचं असेल तर सहल अशी आखा

कंबोडियाला जाणारे बहुतेक जण अंकोर वाट एका सकाळी उरकतात, दुपारी झाडांच्या मुळांनी वेढलेलं देऊळ बघतात आणि परततात. फोटो भरपूर येतात, पण महिन्याभरात सगळी देवळं डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. मराठी माणसाला हे सहज टाळता येतं. तिथल्या भिंतींवर कोरलेलं कुरुक्षेत्र, लंकेचं युद्ध आणि समुद्रमंथन आपण लहानपणापासून ऐकत आलोय. फक्त देवळं ज्या क्रमानं बांधली गेली, साधारण त्याच क्रमानं बघा. पुढची सगळी आखणी त्यासाठीच आहे.

सुरुवात कुडलपासून

तिकिटं काढण्याआधी एक रविवार हत्तरसंग कुडलला द्या. भीमा-सीनेच्या संगमावरचं हरिहरेश्वराचं देऊळ, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आणि असंख्य मुखं कोरलेलं शिवलिंग आपल्या जिल्ह्यातच आहे. तिथं दाराची चौकट, वरची शिळा आणि छत नीट बघा. दगडाचा एकेक थर थोडा पुढं सरकवत छत कसं मिटवलंय ते समजून घ्या. कंबोडियातले जुने ख्मेर कारागीरही असेच थर सरकवायचे, खरी कमान बांधत नव्हते. म्हणून इतक्या प्रचंड देवळांतल्या खोल्या आणि ओवऱ्या अरुंद, काळोख्या आहेत. सामानात छोटी बॅटरी हवी ती यासाठीच. दारावरच्या शिळेवर आपल्या कीर्तिमुखासारखं राक्षसाचं तोंड तिथंही भेटतं, त्याला 'काल' म्हणतात. आणि अंकोरच्या आधीच्या ख्मेर राजधानीचं नाव होतं हरिहरालय.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात थंड असते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळं सोलापूर सोडवत नाही, तेव्हा एक तर नोव्हेंबरअखेर निघा किंवा यात्रा आटोपल्यावर. एप्रिल-मे टाळा. पारा आपल्यासारखाच चढतो, पण हवा दमट असते, त्यामुळं घाम वाळतच नाही. एप्रिलच्या मध्यावर ख्मेर नववर्ष येतं, तेव्हा लोक गावी जातात आणि वाहनं मिळत नाहीत.

सणासाठीच जायचं तर भाद्रपदाच्या वद्य पक्षातला 'प्चुम बेन' बघा. आपला पितृपंधरवडाच तो. पहाटे पॅगोडाभोवती पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात, आणि 'बेन' हा शब्द आपल्या 'पिंडा'वरूनच आलाय. मात्र तेव्हा ऐन पावसाळा असतो आणि शेवटचे तीन दिवस बरीच दुकानं बंद राहतात.

कागदपत्रं आणि प्रवास

पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. नसेल तर नूतनीकरण आधी करा, सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात ते होतं. पर्यटक ई-व्हिसा ३० दिवसांचा आणि एकाच प्रवेशाचा असतो, शुल्क सुमारे ३० डॉलर. इथं लोक हमखास फसतात, कारण शोध घेतल्यावर सरकारी वाटणारी दलालांची संकेतस्थळं आधी दिसतात आणि ती जास्त पैसे घेतात. पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट केएच' असा असेल तरच पुढं जा. नाव पासपोर्टावर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं भरा. वडिलांचं नाव एकीकडं आणि दुसरीकडं नाही, असं झालं की विमानतळावर खोळंबा होतो. निघण्याआधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल अर्जही भरायचा असतो. तो मोफत आहे.

सोलापूरकरानं मुंबईच धरायची गरज नाही. हैदराबाद रस्त्यानं जवळ पडतं आणि तिथून बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूरची विमानं मिळतात. पुढचं विमान त्याच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसली तरी मधल्या विमानतळावर बॅग काढून पुन्हा जमा करावी लागते, त्या देशाच्या प्रवेशाचे नियम लागू होतात आणि पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. थायलंडमधून बसनं सीमा ओलांडायचा बेत करू नका. २०२५ मध्ये दोन्ही देशांत सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. सीमेवरचं प्रेआ विहेअर हे देऊळही या खेपेला सोडा.

जाताना अंकोरजवळच्या सिएम रीप शहरात उतरा आणि परतीचं विमान राजधानी नोम पेन्हहून घ्या. बुकिंग करताना 'मल्टी-सिटी' निवडलं की झालं. दोन्ही शहरांत सुमारे ३१५ किलोमीटर अंतर आहे, बसनं सहा तास लागतात. अशा तिकिटानं परतीच्या फेरीचा अख्खा दिवस वाचतो. सिएम रीपचा नवा विमानतळ शहरापासून जवळजवळ ५० किलोमीटरवर आहे, म्हणून गाडी आधीच ठरवा. हॉटेल विमानतळाजवळ नाही, गावात घ्या.

पैसे अमेरिकी डॉलरमध्ये न्या. चलन रिएल आहे, पण व्यवहार डॉलरमध्येही होतात आणि डॉलरला साधारण ४,००० रिएल धरून सुट्टे देतात. नोटा कोऱ्या हव्यात. जराशी फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट कुणी घेत नाही, तेव्हा इथं घेतानाच एकेक नोट उजेडात धरून बघा आणि १, ५, १० च्या जास्त मागा.

पास आणि दिवसांचा क्रम

अंकोरचा पास एक दिवसाचा ३७, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलर. तीन दिवसांचाच घ्या. ते तीन दिवस सलग लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा. संध्याकाळी पाचनंतर घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजला जातो, म्हणून पोहोचलात त्याच संध्याकाळी तो काढून टाका. पहाटे पाचच्या रांगेत उभं राहिलात तर सूर्योदय हुकतो.

टुकटुकवाले 'छोटा फेरा' आणि 'मोठा फेरा' अशा ठरलेल्या वाटांनी नेतात. त्या अंतराच्या सोयीनं आखल्यात. तुम्ही देवळांची नावं क्रमानं कागदावर लिहून द्या आणि भाडं आधी बोला. दिवसाला १५ ते २५ डॉलर पडतात, बांते स्रेइला लांब म्हणून वेगळे.

पहिला दिवस रोलुओसचा, म्हणजे जुन्या हरिहरालयाचा. प्रेआ को हे ८७९ चं विटांचं देऊळ आहे आणि त्याच्या नावाचा अर्थच 'पवित्र बैल'. समोर नंदी देवळाकडं तोंड करून बसलेत. शेजारचं बाकोंग ८८१ चं, पाच पायऱ्यांचा दगडी डोंगर. मेरू पर्वत बांधायची कल्पना इथं मोठ्या आकारात आली आणि अडीचशे वर्षांनी अंकोर वाटमध्ये पूर्ण झाली. आधी बाकोंग बघितलेल्याला अंकोर वाटचे पाच कळस समजतात. संध्याकाळ प्रे रूप या देवळावर काढा.

दुसऱ्या दिवशी लवकर निघून बांते स्रेइ गाठा. ९६७ चं, कुडलच्या शिलालेखाच्या ५१ वर्षं आधीचं शिवमंदिर. गुलाबी वालुकाश्मावर लाकडासारखं बारीक कोरीव काम आहे आणि देऊळ आकारानं लहान, त्यामुळं नऊ वाजता बस आल्या की उभं राहायला जागा उरत नाही. तिथून पुढं क्बाल स्पियन. दीड किलोमीटर चढून गेलं की ओढ्याच्या तळात शेकडो लिंगं कोरलेली दिसतात, त्यांच्यावरून पाणी वाहतं. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं.

दुपारी तीनपर्यंत परत या आणि अंकोर वाटच्या पश्चिमेच्या ओवरीत शिरा. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं विष्णूसाठी बांधलेलं हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून इथं ऊन दुपारनंतर येतं. दारातून उजवीकडं वळलात की कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव आणि उजवीकडून पांडव चालून येतात, मध्ये गर्दी इतकी दाट होते की पाय कुणाचे आणि घोड्यांचे कुठले हे कळत नाही. कौरवांच्या बाजूला वर शरपंजरी भीष्म शोधा. चार हातांचा सारथी दिसला की तो कृष्ण. पूर्वीच्या लोकांच्या हातांनी काही जागी दगड काळा, गुळगुळीत झालाय. तुम्ही हात लावू नका, घामानं दगड झिजतो. दारातून डावीकडं लंकेचं युद्ध आहे.

तिसरा दिवस विश्रांतीचा, त्या दिवशी पास वापरू नका. चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा अंकोर वाट. सूर्योदय झाला की गर्दी न्याहारीला जाते, तेव्हा सरळ पूर्वेकडं चला. दक्षिणेच्या ओवरीत राजाची मिरवणूक आणि यमाच्या दरबारातले स्वर्ग-नरक लागतात, कोपरा वळलं की सकाळच्या उन्हात समुद्रमंथन. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा. हा पट जवळजवळ ५० मीटर लांब आहे. तुम्ही इथं उलटी प्रदक्षिणा घालता, पट त्याच क्रमानं कोरलेत. सर्वांत वरच्या चौकात खांदे आणि गुडघे झाकलेले असतील तरच सोडतात. वर ओढणी घेतलेली चालत नाही, बाह्यांचा सदराच हवा. बौद्ध पवित्र दिवशी तो भाग बंद असतो, म्हणून हॉटेलात तारीख विचारून घ्या. बारा वर्षांखालच्यांना वर नेता येत नाही.

त्याच दिवशी ता प्रोम आणि शेवटी बायोन. दोन्ही देवळं सातव्या जयवर्मा राजाची. ता प्रोम ११८६ चं, आईच्या नावानं. तिथल्या डागडुजीत भारतीय पुरातत्त्व खात्यानं काम केलंय.

जेवण

ख्मेर स्वयंपाकाचा जीव 'क्रोएंग'मध्ये असतो. गवती चहाचे देठ, गलंगल (आल्यासारखा कंद), हळद, काफिर लिंबाची पानं, लसूण आणि छोटे कांदे खलबत्त्यात कुटतात. आधी गवती चहा अगदी पातळ चिरून कुटायचा, ओलं लसूण-कांदा शेवटी, नाहीतर दोरे राहतात. याच वाटणाचा 'आमोक': नारळाचं दूध घालून, केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला मासा. सकाळी बाजारात 'नोम बान्ह चोक' खा, तांदळाच्या शेवयांवर माशाचा हिरवट रस्सा आणि कच्च्या भाज्या. नऊनंतर बऱ्याच ठिकाणी संपतं. कांपोटचं मिरं मीठ-लिंबात कालवून देतात, ते चाखाच आणि घरीही आणा. 'लोक लाक' सहसा गोमांसाचं असतं, विचारल्याशिवाय मागवू नका.

शाकाहाऱ्यांची अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, चवीची आहे. नुसत्या भाजीतही 'तुक त्रेइ' म्हणजे माशाचं पाणी आणि 'प्राहोक' म्हणजे आंबवलेल्या माशाचा गोळा पडतो. स्वयंपाक्याच्या लेखी ते मिठासारखं. म्हणून 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'म्होप बुओस' म्हणजे शाकाहारी जेवण, आणि 'ओत डाक तुक त्रेइ, ओत डाक प्राहोक' म्हणजे ते दोन्ही घालू नका. हॉटेलातल्या माणसाकडून ही वाक्यं ख्मेर लिपीत लिहून घ्या आणि कागदच दाखवा, आपल्या उच्चारांवर भिस्त नको. सिएम रीपमध्ये अर्ध्या दिवसाचे स्वयंपाकवर्ग मिळतात, आधी सांगितलं तर अळंबी किंवा टोफूचा आमोक शिकवतात.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर असू द्या. भाकरी हातातल्या पिशवीत डब्यात ठेवा, चटणी मोठ्या बॅगेत. दही तिथल्या स्वयंपाकात नाही, ते सुपरमार्केटमध्ये मिळतं.

विश्रांतीचा दिवस

सोलापूरच्या डोळ्याला सूत कळतं, तेव्हा सकाळी सिएम रीपच्या पश्चिमेला पुओकचं रेशीम केंद्र बघा. पिवळ्या कोषांपासून मागापर्यंत सगळं दाखवतात. 'होल' या कापडात बाण्याचे धागे आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. बाजारात छापील कापड त्याच नावानं विकतात. खऱ्या होलमध्ये नक्षीच्या कडा किंचित पसरलेल्या असतात आणि मागची बाजू जरा फिकी असली तरी नक्षी पूर्ण असते, कारण प्रत्येक धागा रंगलेला असतो. छापील कापडाची पाठ पांढुरकी निघते. सुती चौकड्यांचा 'क्रामा' स्वस्त आणि उपयोगी: उन्हात डोक्याला, घामाला, धुळीत नाकाला. संध्याकाळी 'स्बेक थोम' या मोठ्या कातडी बाहुल्यांचा खेळ कुठं आहे का विचारा. गोष्ट रिआमकेरची, म्हणजे रामायणाची असते.

नोम पेन्ह

इथं दोन दिवस ठेवा. पहिल्या सकाळी तुओल स्लेंग, म्हणजे ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या १९७५ ते ७९ च्या क्रूर राजवटीत जिचा तुरुंग केला होता ती शाळेची इमारत. लहान मुलांना नेऊ नका आणि त्या दुपारी दुसरं काही ठेवू नका. हे बघितल्यावरच कळतं की नाचाचे, वाद्यांचे बहुतेक गुरू मारले गेले असताना अप्सरा नृत्य पुन्हा उभं करणं म्हणजे काय होतं.

राष्ट्रीय संग्रहालय दुसऱ्या दिवशी. ते पाचला बंद होतं, दोनपर्यंत आत जा. आधी जुन्या मूर्तींच्या दालनात हरिहर शोधा. डोक्याच्या मधोमध सरळ रेघ आहे: त्याच्या उजवीकडं शिवाच्या जटा, डावीकडं विष्णूचा किरीट. मोबाइलमध्ये कुडलचे फोटो ठेवलेले असतील तर तिथंच उघडा.