फ्लॅट दाखवताना येणारा गटाराचा वास: माझा अनुभव

राहता टू बीएचके विकायला काढला. पसारा आवरला, रंग दिला, तरी बघायला येणारे पॅसेजमध्ये आले की नाक मुरडायचे. आमच्या नाकांना सवय झालेली. फ्रेशनर, कापूर, फिनेल, सगळं करून झालं. एजंट म्हणाला, किंमत उतरवा! डोकंच फिरलं.

वास दुसऱ्या बाथरूममधून येत होता. तिथे बॅगा आणि जुना कूलर ठेवलेला, पाणी कधी सोडतच नव्हतो. नहाणी ट्रॅप म्हणजे बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली बसवलेलं भांडं; त्यातलं पाणी गटाराची हवा अडवतं. ते आटलं की वास थेट घरात.

आधी सगळं सामान बाहेर काढलं. हातमोजे घालून जाळी आणि खालची वाटी उचलली, केस आणि साबणाचा थर काढला (अ‍ॅसिड नको, टाइल्सचे सांधे खराब होतात). वाटी नीट बसवून बादलीभर पाणी हळूहळू ओतलं, वर दोन चमचे गोडंतेल. तवंगामुळे पाणी लवकर आटत नाही. मग कमोड फ्लश केला, बेसिनचा नळ सोडला. बेसिनचा पाइप जमिनीत शिरतो तिथली फट व्हाइट सिमेंटने बुजवली. दुसऱ्या दिवशी वास नव्हता.

सामान मात्र तिथे परत ठेवलं नाही. अडगळ भरलेलं बाथरूम गिऱ्हाईक बाथरूम म्हणून मोजतच नाही.