कधी सुरू होतो, कधी होत नाही: नव्या असेंबल्ड पीसीत या चुका टाळा

ठार बंद पडलेला पीसी परवडला, दोष निदान समोर तरी असतो. खरा छळवाद मांडतो तो सकाळी बटण दाबल्यावर नुसते फॅन फिरवणारा, स्क्रीन काळीच ठेवणारा आणि दोनदा बंद-चालू केल्यावर काही झालंच नाही अशा थाटात विंडोज उघडणारा. मग माणूस घाबरतो आणि एकाच बैठकीत रॅम काढून घालतो, बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम) अपडेट करतो, वर फॉरमॅटही मारतो. पीसी सुरू होतो. कशामुळे, ते कळत नाही, आणि चार दिवसांनी दुखणं परत हजर.

एकदा सुरू झाला की ‘झालं काम’ म्हणणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. समजा, पाचातून एकदा पीसी अडतो. तुम्ही रॅमच्या स्टिक काढून परत बसवल्या आणि पुढच्या तिन्ही वेळा तो नीट सुरू झाला. दोष जागच्या जागी असतानाही तीन वेळा असं नुसत्या नशिबानं घडण्याची शक्यता ५१ टक्के आहे, म्हणजे छापा-काटाच. लागोपाठ १० वेळा नीट सुरू होण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या आसपास, आणि १४ वेळांची ५ टक्क्यांच्या खाली. तेव्हा १४ वेळा सलग सुरू झाला, तर केलेल्या बदलावर भरवसा ठेवायला हरकत नाही. त्याआधी आनंद साजरा करू नका.

यात रीस्टार्ट धरायचे नाहीत. रीस्टार्ट करताना एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बहुधा चालूच राहतो, आणि पुष्कळ दोष फक्त रात्रभर थंड पडलेल्या मशीनलाच सुचतात. पीसी बंद करा, एसएमपीएसवरचा मागचा स्विचही बंद करा, पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, काही तास थांबा आणि मग सुरू करा. कंटाळवाणं आहे खरं, पण दुसरा उपाय नाही.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधीच बंद करून टाका. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यामुळे लोगोनंतर अडणारा पीसी रीस्टार्टला मात्र शहाण्यासारखा वागतो आणि आपण उगाच हार्डवेअरवर संशय घेत बसतो.

एक कागद जवळ ठेवा. किती तास बंद होता, कुठला दिवा पेटून राहिला, लोगो दिसला का, मागच्या वेळेनंतर काय बदललं, एवढंच लिहायचं. एका वेळी एकच बदल करायचा.

कुठे अडतो ते न बघताच फॉरमॅट मारणं

मदरबोर्डाचा लोगोच दिसत नसेल तर विंडोजचा बिचारीचा काय दोष? तिची पाळी अजून आलेलीच नसते. विंडोजच्या नोंदवहीतली, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधली, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बघून लोक हुरळतात, पण ती फक्त मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते. तुम्ही बटण दाबून धरलं असेल तरी ती येतेच.

त्यापेक्षा मदरबोर्डच्या कडेला बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क). दिवा येऊन गेला तर ठीक, ज्या दिव्यावर मशीन थबकतं तिथून शोध सुरू करायचा. एकही दिवा नाही, पण फॅन फिरताहेत आणि स्क्रीन काळी? कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर पीसी बहुतेक सुरू झालेला आहे. झोपलेला आहे तो मॉनिटर, किंवा केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात खोचलेली आहे.

रॅम ट्रेनिंग चालू असताना बटण दाबून धरणं

डीडीआर५ प्रकारची रॅम असलेल्या नव्या पीसीत ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. पहिल्यांदा सुरू करताना, किंवा सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग) साफ केल्यावर, बोर्ड प्रत्येक स्टिकसाठी सिग्नलच्या वेळा जुळवून बघतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी, डीरॅमचा दिवा पेटलेला. क्वचित मशीन मध्येच बंद होऊन आपलं आपण पुन्हा सुरू होतं. एएमडीच्या सीपीयूंसाठीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर यात काही मिनिटं सहज जातात, चार स्टिक असतील तर आणखी. तिसाव्या सेकंदाला धीर सुटून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. चांगली दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका.

पण रोजच एवढा वेळ लागत असेल किंवा अधूनमधून ट्रेनिंग फसत असेल, तर पहिला संशयित एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवणारं बायोसमधलं तयार प्रोफाइल. डब्यावर ६००० लिहिलेलं असतं म्हणून आपल्याला तो रॅमचा हक्काचा वेग वाटतो. प्रत्यक्षात ते ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं. रायझन ७००० या सीपीयूंच्या मालिकेत एएमडीनं दोन स्टिकसाठी ५२०० आणि चार स्टिकसाठी फक्त ३६०० एवढाच वेग अधिकृत धरला आहे. चार स्टिक घालून ६००० ची अपेक्षा ठेवली, तर कधी जमतं, कधी फसतं, आणि आपण खापर एसएमपीएसवर फोडतो. प्रोफाइल बंद करून थंड सुरुवाती मोजा. दोष गेला तर बायोसची नवी आवृत्ती टाका, मग वेग एकेक पायरीनं वाढवा. ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर’ हे सेटिंग आधीचं ट्रेनिंग जपून ठेवतं, त्यामुळे सुरुवात झटपट होते. मात्र ते चालू केल्यावर मशीन अस्थिर वाटलं तर बंद करून बघा.

दोनच स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. मॅन्युअल उघडून खात्री करा. काही बोर्डांवर खाचेच्या एकाच टोकाला खिट्टी असते. तिचा ‘टक’ ऐकून आपण निर्धास्त होतो आणि दुसरं टोक केसभर वरच राहतं.

‘केबल लावलीय की’ असं गृहीत धरणं

एसएमपीएसकडून बोर्डाला वीज देणारा २४ पिनचा कनेक्टर हटवादी असतो. बोर्ड वाकेल या भीतीनं आपण हलका दाब देतो, तो पाऊण भाग आत जातो आणि फॅनही फिरायला लागतात. त्याची खिट्टी बोर्डावरच्या पुढे आलेल्या ओठावर पूर्ण बसली पाहिजे. बोटानं चाचपून बघा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. सीपीयूचा आठ पिनी कनेक्टर वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या आडोशाला असतो, तिथेही तेच. तो ४+४ असा दुभंगतो आणि ग्राफिक्स कार्डाचा ६+२ असा, त्यांची अदलाबदल करायची नाही. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या केबलचा, एसएमपीएस असेल तर केबलचं एसएमपीएसकडचं टोकही तपासा. दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल मात्र कधीही वापरू नका. टोकं एकसारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग ड्राइव्ह जळतात.

कॅबिनेटचं बटणही अडकू शकतं. पॉवर स्विचची तार काढून बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं क्षणभर जोडा. तसं दर वेळी सुरू होत असेल तर दोषी बटणच. रीसेटची तारही काही दिवस काढून ठेवा. यूएसबी हब, बाहेरची डिस्क वगैरे सगळं सोडवा, फक्त कीबोर्ड ठेवा. रायझर केबलवर (कार्ड आणि खाच यांच्यामधली जोडकेबल) ग्राफिक्स कार्ड असेल तर ते थेट खाचेत लावून बघा.

पेपरक्लिप लावली, फॅन फिरला, म्हणून एसएमपीएसला सोडून देणं

२४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार पेपरक्लिपनं काळीला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. एवढंच त्यातून कळतं. लोड नसताना तो ठणठणीतच वाटणार. सुरुवातीच्या त्या क्षणी व्होल्टेज स्थिर झालं की एसएमपीएस बोर्डाला ‘पॉवर गुड’चा इशारा देतो, आणि तो आल्याशिवाय बोर्ड सीपीयूला सोडत नाही. थंड एसएमपीएसकडून हा इशारा वेळेवर आला नाही की फॅन फिरून गप्प. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६, पण साध्या मल्टिमीटरला क्षणभराची घसरण दिसत नाही. खात्रीची चाचणी एकच: दुसरा चांगला एसएमपीएस, त्याच्या स्वतःच्या केबलसकट, लावायचा आणि पुन्हा तेवढ्याच थंड सुरुवाती मोजायच्या.

तरीही अडला तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि सीपीयू, कूलर, एक स्टिक एवढ्यावर चालवा. बाहेर सुरळीत चालला तर कॅबिनेटमध्ये बोर्डामागे एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा खुंट) टेकतोय का बघा. बाहेरही अडला तर कूलरचे स्क्रू एका बाजूनं जास्त आवळले गेलेत का आणि सॉकेटमधली पिन वाकलीय का, ते उजेडात तपासा.

सुटा भाग परत करायची वेळ आली तर दुकानात तो हमखास सुरू होणार, हे धरूनच चला. दिवा कुठे थबकला ते दाखवणारा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि तो नोंदींचा कागद सोबत न्या, आणि तिथेही मशीन रात्रभर बंद ठेवून मगच तपासायला सांगा.