डाव्या पायाला ब्रेक शिकवताना

क्लचची गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय अडाणी असतो. त्याला एकच काम ठाऊक, दणकन तळापर्यंत दाबायचं. ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या जागेत प्लास्टिकचे शंकू मांडून त्यांच्यामधून वेळेशी लावलेली गाडीची शर्यत) हाच पाय ब्रेकवर ठेवल्यावर काय होतं ते मी जालन्याजवळच्या एका जिनिंगच्या आवारात पाहिलं. शेजारी मामा, त्यांच्या मांडीवर डबा. वेग जेमतेम ताशी 20. मी ब्रेकला पाय नुसता लावला, असं मला वाटलं. डबा डॅशबोर्डवर आदळला, शेंगदाण्याची चटणी एसीच्या जाळीत. मामा एवढंच म्हणाले, "क्लच दाबायलास का ब्रेक?"

म्हणून सुरुवात उभ्या गाडीत करा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन मात्र चालू. बंद इंजिनावर ब्रेक दगडासारखा लागतो आणि अंदाज चुकतो. सीट एक खाच पुढे घ्या. डावी टाच खाली टेकवा, चवडा पेडलवर. क्लच मांडीच्या जोरावर दाबतो, ब्रेक घोट्याने दाबायचा. सगळी मेख इथेच आहे. आठवडाभर रोज दहा मिनिटं हेच करा, कंटाळा आला तरी.

मग मोकळी जागा. उन्हाळ्यात कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची सिमेंटची आवारं रिकामी पडतात. मालकाला विचारून जा. काळ्या रानात नको, पावसानंतर तर नकोच.

पहिल्यात निघा, दुसरा गिअर टाका, डावा पाय क्लचवरून उचलून ब्रेकवर आणा. ऑटोक्रॉसमध्ये शंकूंमधली बरीच फेरी दुसऱ्या गिअरमध्येच होते, म्हणून हा पाय मोकळा मिळतो. सरळ रेषेत ताशी 30 वरून 15 वर या, पुन्हा वेग घ्या. पूर्ण थांबायचं असेल तर आधी पाय बदला: उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. नाहीतर इंजिन बंद पडणारच. रस्त्यावर हा प्रयोग अजिबात करू नका. समोर म्हैस आली की घाबरलेला पाय जुनीच सवय काढतो.

सरळ जमलं की वळण. पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी जोरात वळवली तर तोंड बाहेर काढते. तेव्हा ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबा. वजन पुढच्या टायरांवर येतं, मागची बाजू हलकी होते, नाक आत वळतं. जास्त दाबलंत तर मागची बाजू फिरते, म्हणून हेल्मेट घाला आणि शंकू भिंतीपासून लांब मांडा. 1965 ला टिमो मॅकिनेन आणि 1967 ला राउनो आल्टोनेन यांनी मिनी कूपरमध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. हे दोघे फिनलंडचे गडी याच कसबासाठी ओळखले जातात.

एक अडचण मात्र राहते. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये दोन्ही पेडलं एकदम दाबली की संगणक इंजिनाची ताकद तोडतो. तुमची गाडी तशी असेल तर ॲक्सिलरेटर सोडूनच ब्रेक दाबा. उजवा पाय इकडून तिकडे न्यायचा वेळ तरी वाचतो.

पाच-सहा फेऱ्यांनी ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो. लगेच उभी करू नका, दोन चकरा ब्रेक न लावता हळू मारा. मग गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा आणि चाकाला दगड लावा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नाही.