घरचा केक आणि बिस्किटं किती दिवस टिकतात?

मी केक केला की पूर्ण गार होईपर्यंत डब्यात घालतच नाही. कोमट केक झाकला की वाफेचं पाणी झाकणाला धरतं, परत केकवर पडतं आणि बुरशीला आयतं निमित्त मिळतं.

साधा स्पंज केक हवाबंद डब्यात बाहेर दोन-तीन दिवस चांगला राहतो, दमट हवेत त्याहून कमी. केळं किंवा गाजर घातलेला केक ओलसर असतो, म्हणून तो लवकर संपवावा. ताजं क्रीम लावलेला केक मात्र फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा; दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिला तर सरळ टाकून द्या. साधा केक फ्रिजमध्ये ठेवायची घाई करू नका. थंडीत त्यातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि केक कोरडा लागतो. जास्त दिवस ठेवायचा तर तुकडे नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन-तीन महिने चव टिकते.

कुरकुरीत बिस्किटं दोन आठवडे सहज राहतात. ती केकच्या डब्यात कधीही ठेवू नका, केकचा ओलावा शोषून मऊ पडतात. नुसती मऊ पडली असतील तर १५० अंशांवर पाचेक मिनिटं भाजून गार करा. खवट वास आला तर तूप-लोणी बिघडलंय, तिथे भाजून उपयोग नाही.

केकवर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खा केक टाका. तेवढाच भाग कापून खाणं मला अजिबात मान्य नाही, कारण तिचे तंतू आत कुठवर गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही.