ऑटोक्लेव्हशिवाय सिलिका एअरोजेल कसं बनवावं

ऑटोक्लेव्ह (उच्च दाब सोसणारं बंद भांडं) नसेल तर एअरोजेलचा, म्हणजे द्रव काढून आत हवा भरलेल्या अतिहलक्या सच्छिद्र जेलचा, नाद सोडा, असं प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना अजूनही सांगितलं जातं. एअरोजेल पहिल्यांदा बनवणाऱ्या किस्टलरने १९३१ मध्ये ते उच्च दाबाखालीच केलं, हे खरं. पण अखंड वडी नको, दाणे हवे असतील, तर वडोदऱ्यातल्या साध्या कॉलेज प्रयोगशाळेतही ते होतात. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) मात्र चांगला ओढणारा हवा. आणि गुजरातेत शुद्ध इथेनॉलला परमिट लागतं, ते काम आधीच उरका.

टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यातून सिलिका मिळतं तो द्रव), इथेनॉल आणि सौम्य आम्लाचं पाणी १:८:४ मोल प्रमाणात मिसळून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी थोडा सौम्य अमोनिया घातला की जेल बसतं. झाकून एक दिवस मुरू द्या आणि सेंटिमीटरहून लहान तुकडे करा.

खरी परीक्षा यापुढे. "आता ओव्हनमध्ये टाका" हा सल्ला ऐकू नका. जेलची छिद्रं साधारण २० नॅनोमीटरची. तेवढ्या छिद्रात पाणी सुकताना भिंतींवर सुमारे १४० वातावरणांचा ताण येतो आणि जेल आकसून खडा होतं. हेक्झेन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवाचा ताण याच्या चौथाई. म्हणून आधी कोरड्या इथेनॉलने पाणी काढायचं, मग हेक्झेनने इथेनॉल. दर बदलाला पूर्ण दिवस द्या, आणि बदल तीन-चार तरी कराच. मी सर्वात जास्त अडलो ते इथेच. काढलेल्या इथेनॉलचे थेंब हेक्झेनमध्ये टाका. धुरकट झालं तर पाणी नक्की शिल्लक आहे. धुरकट झालं नाही तरी आणखी एक बदल करा.

मग हेक्झेनमध्ये दहा टक्के टीएमसीएस, म्हणजे ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन, अगदी सावकाश घाला. ते पाणी आणि इथेनॉल दोन्हींवर तुटून पडतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. बाटलीला घट्ट बूच कधीही लावू नका. हातमोजे, चष्मा सक्तीचे. हे रसायन छिद्रांच्या भिंतींवरचे पाणी धरणारे हायड्रॉक्सिल (-OH) गट मिथाइल गटांनी झाकतं. त्यामुळे सुकताना आत ओढल्या गेलेल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत आणि जेल परत फुलतं. हा टप्पा वगळून एअरोजेल मिळाल्याचं कुणी सांगितलं, तर घनता विचारा.

दिवसभराने ताज्या हेक्झेनने धुवा आणि तुकडे हूडखाली पूर्ण कोरडे होऊ द्या. हेक्झेनची वाफ ठिणगीने पेटते. मे महिन्यातल्या वडोदऱ्यात तर ती भराभर सुटते. वास असेपर्यंत ओव्हनचं दार उघडायचं नाही. नंतर १५० अंशांवर दोन तास.

पाण्याचा थेंब दाण्यावर गोळी होऊन राहिला आणि घनता घन सेंटिमीटरला ०.२ ग्रॅमच्या आत आली, तर जमलं. स्थिर हवेपेक्षाही ते उष्णता कमी वाहतं, कारण छिद्रं इतकी अरुंद की हवेचे रेणू एकमेकांवर आपटण्याआधी भिंतीवर आपटतात. दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये भरा, उजेड येतो आणि बाहेरची उष्णता कमी आत येते. सांडलेलं तेलही ते शोषतं. पण ३०० अंशांपुढच्या पाइपावर वापरू नका. तिथे मिथाइल गट जळू लागतात आणि दाणे पाणी प्यायला लागतात.